शिलारस आणि पाणी

चेन्नईतील एखाद्या उपाहारगृहात डोसे करणाऱ्याचे काम थोडा वेळ लक्षपूर्वक पाहावे. नवा डोसा घालण्यापूर्वी तो तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारतो. तवा बेताचा तापलेला असेल, तर पाणी चर्र आवाज करून क्षणात उडून जाते. तवा फार तापलेला असेल, तर मात्र वेगळेच घडते. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोल होतात, तव्यावर इकडून तिकडे धावत राहतात आणि बऱ्याच वेळाने नाहीसे होतात. अधिक तापलेल्या तव्यावर पाणी अधिक काळ टिकावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. त्याचे कारण असे की, थेंब तव्याला टेकण्यापूर्वीच त्याच्या खालच्या बाजूची वाफ होते आणि त्या वाफेच्या पातळ थरावर थेंब तरंगू लागतो. वाफेतून उष्णता सावकाश वाहते, म्हणून थेंबाचे रक्षण होते. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली या घटनेचे सविस्तर वर्णन केले. त्याचेच नाव आजही या घटनेला दिले जाते.

हा तरंगणारा थेंब आपण ध्यानात ठेवू. समुद्रातील काही ज्वालामुखी शांतपणे का वाहतात आणि काही तोफखान्यासारखे का धडाडतात, हे समजून घेताना वाफेचा हाच पडदा आपल्या उपयोगी पडणार आहे.

भूपृष्ठाखाली वितळलेल्या स्थितीत असलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो पृष्ठावर येऊन वाहू लागला की त्याला लाव्हारस हे नाव मिळते. सर्व शिलारस एका प्रकृतीचे नसतात. ज्यात सिलिका अधिक असते, तो शिलारस काकवीपेक्षाही कितीतरी घट्ट असतो. त्यात विरघळलेले वायू सहजासहजी बाहेर पडू शकत नाहीत. ते कोंडतात आणि अखेर स्फोट करून सुटतात. बेसाल्ट नावाचा काळा खडक ज्यापासून बनतो, तो शिलारस या मानाने पातळ असतो. त्यात सिलिकेचे प्रमाण सुमारे निम्मे असते आणि त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने तुलनेने सहज निसटून जातात. म्हणून बेसाल्टचे उद्रेक सामान्यतः उसळत्या कारंजासारखे किंवा संथ वाहणाऱ्या ओढ्यासारखे असतात. महाराष्ट्राच्या रहिवाशाला हा खडक नवा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशाच लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे ते थर होत.

अशा सौम्य प्रकृतीचा शिलारस कधीकधी मात्र अत्यंत प्रचंड स्फोट घडवतो. तेव्हा बहुधा त्याची पाण्याशी गाठ पडलेली असते.

भारतात या गाठीचा विचार करण्यास योग्य असे एक ठिकाण आहे. चेन्नई बंदरातून अंदमानला जाणारी प्रवासी जहाजे सुमारे तीन दिवसांत पोर्ट ब्लेअरला पोहोचतात. या शहराचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम असे करण्यात आले. तेथून ईशान्येस सुमारे १३५ ते १४० किलोमीटरवर अंदमान समुद्रात बॅरन हे बेट आहे. इंग्रजीत या नावाचा अर्थ ओसाड असा होतो. बेटावर मनुष्यवस्ती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजातून सोडलेल्या शेळ्यांचे वंशज मात्र तेथे रानटी होऊन राहिले, ही एक नवलाची गोष्ट. बेटाचा व्यास जेमतेम ३ किलोमीटर आहे. त्याच्या मध्यभागी सुमारे २ किलोमीटर रुंदीचा प्रचंड खळगा असून त्याला कॅल्डेरा म्हणतात. खळग्याभोवती अडीचशे ते साडेतीनशे मीटर उंचीची कड्यांची भिंत आहे. ही भिंत पश्चिमेकडे खचलेली असल्याने खळगा तेवढ्या बाजूने समुद्राला खुला आहे. खळग्याच्या मधोमध राख आणि सच्छिद्र दगड यांचा एक शंकू उभा आहे. आज उद्रेक होतात ते या शंकूतून.

डोळ्यांना दिसते ते एवढेच. वास्तविक हे बेट म्हणजे एका मोठ्या पर्वताचे केवळ शिखर आहे. त्याचा पायथा समुद्रसपाटीखाली सुमारे २२५० मीटर खोलीवर आहे. महाबळेश्वरच्या पठाराहूनही उंच असा हा पर्वत जवळजवळ सारा पाण्यात बुडालेला आहे. खोलीचा हा आकडा आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

या ज्वालामुखीच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची आहे. ज्याच्या नावावरून पोर्ट ब्लेअर हे नाव पडले, त्या आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ साली तो धगधगताना पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर ज्वालामुखी सुमारे दीडशे वर्षे निद्रिस्त राहिला. १९९१ च्या मार्चअखेरीस तो जागा झाला आणि लाव्हारस पश्चिमेच्या खिंडारातून समुद्रापर्यंत जाऊन पोहोचला. त्यानंतर १९९४-९५ मध्ये आणि २००५ पासून अधूनमधून त्याचे उद्रेक होत आले आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्येही तो उसळला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जानेवारी २०१७ मध्ये ‘सिंधु संकल्प’ या जहाजातून त्या परिसरात संशोधन करीत होते. समुद्रतळाचे नमुने घेत असताना त्यांना हा ज्वालामुखी अकस्मात राख ओकताना दिसला. पाच-दहा मिनिटे टिकणारे लहान लहान उद्रेक होत होते. दिवसा केवळ राखेचे ढग दिसत. सूर्यास्तानंतर लाल लाव्हारसाची कारंजी आणि उतारावरून ओघळणारे प्रवाह दिसू लागले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. १९९१ साली ११०० अंशांच्या आसपास तापलेला लाव्हारस सरळ समुद्रात शिरला. वाफेचे लोट उठले, पण बेट काही उडाले नाही. मग पाणी आणि शिलारस एकत्र आले की स्फोट होतो, असे म्हणणे कितपत खरे?

नुसत्या संपर्काने स्फोट होत नाही, याचा पुरावा मुंबईतही आहे. शिवडीच्या परिसरात बेसाल्टच्या काही थरांत उशांच्या राशीसारखे गोलाकार खडक आढळतात. लाव्हारस पाण्यात शिरला की त्याच्या पृष्ठभागावर तत्काळ कवच धरते. आतला रस ते कवच फोडून बाहेर येतो, त्यालाही कवच धरते आणि अशा रीतीने एकावर एक दगडी उशा रचल्या जातात. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांत बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. म्हणजे त्या काळी येथे उथळ पाणथळ जागा होत्या आणि लाव्हारस त्यांत उतरत होता. पाणी होते, तप्त रसही होता; तरी शिवडीच्या या उशा अखंड राहिल्या.

अगदी अलीकडचे उदाहरण हवाई बेटांतील किलाउआ ज्वालामुखीचे आहे. त्याच्या विवरात २०१९ साली पाणी साचू लागले आणि पुढे सुमारे ५० मीटर खोलीचे तळे तयार झाले. आता उद्रेक झाला तर काय होईल, याची अभ्यासकांना काळजी होती. २० डिसेंबर २०२० च्या रात्री विवराच्या भिंतीतून लाव्हारस फुटला आणि तळ्यात कोसळला. तळे काही तासांतच उकळून आटले, वाफेचा मोठा ढग उठला. परंतु ज्याची भीती होती तो महास्फोट झाला नाही.

आता तव्यावरच्या थेंबाकडे परत वळू. तेथे थेंबाखाली वाफेचा पडदा होता. शिलारस पाण्यात शिरतो तेव्हा नेमके असेच घडते. फरक एवढाच की, येथे पडदा शिलारसाभोवती तयार होतो. हा पडदा टिकून राहिला, तर रस सावकाश निवतो. पण पडदा टिकलाच पाहिजे असे नाही. एखादा हादरा बसला, जवळच एखादा लहानसा स्फोट झाला किंवा पडद्याच्या स्वतःच्याच कंपनाने तोल गेला, तर तो एका क्षणात कोलमडतो. मग पाणी तप्त रसावर आदळते. या क्षणी उष्णता इतक्या वेगाने पाण्यात शिरते की, रसाचा पृष्ठभाग एकाएकी आकसतो आणि काचेसारखा तडकतो. त्या तड्यांत पाणी घुसते, नवा तप्त पृष्ठभाग उघडा पडतो, तोही तडकतो. एका ठिकाणी झालेला हादरा शेजारचा पडदा कोसळवतो. ही साखळी सेकंदाच्या हजाराव्या भागात पुरी होते.

तुकडे होण्याला एवढे महत्त्व का, हे एका सोप्या गणिताने कळेल. एक मीटर लांबी, रुंदी आणि उंची असलेला शिलारसाचा ठोकळा घ्या. त्याला सहा बाजू आहेत, म्हणून त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. त्याच ठोकळ्याचे एक मिलिमीटरचे बारीक ठोकळे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौरस मीटर होईल. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे कण केले, तर ६०,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पंधरा एकर. घरात मावणाऱ्या एका धोंड्याची उष्णता पंधरा एकर क्षेत्रातून एकदम पाण्याला मिळू लागली, तर त्या पाण्याला उकळत बसायला सवड राहत नाही. ते एकाएकी फुटते. सर्वसाधारण हवेच्या दाबाखाली पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या पाण्याच्या सोळाशे ते सतराशे पट जागा लागते. खडकाच्या पोटात एवढी जागा नसते. मग वाफ ती जागा आपल्या बळाने करून घेते.

ओतकामाच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला यातील धोका वेगळा सांगावा लागत नाही. साचा दमट राहिला किंवा भट्टीत टाकायच्या भंगारात पाण्याचा अंश उरला, तर वितळलेला धातू उसळून अंगावर येतो, हे तो जाणतो. रसावर पाणी पडले तर बहुधा निभते. रसाखाली पाणी कोंडले तर मात्र निभत नाही.

पाण्याचे प्रमाण किती असावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. एक किलो बेसाल्टचा रस बाराशे अंशांवरून शंभर अंशांपर्यंत निवताना जी उष्णता देतो, तिने साधारण अर्धा किलो पाण्याची वाफ होऊ शकते. पाणी याहून फारच कमी असेल, तर वाफ थोडी होईल आणि जोर कमी पडेल. पाणी फार जास्त असेल, तर उष्णता सगळे पाणी नुसते कोमट करण्यातच खर्ची पडेल. अमेरिकेतील लॉस अॅलमॉस येथील प्रयोगशाळेत थर्माइट नावाच्या मिश्रणापासून मिळणारा तप्त रस पाण्याशी भिडवून १९८० च्या दशकात प्रयोग करण्यात आले. रसाच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश पाणी असताना स्फोट सर्वांत जोरकस होतो, असे त्यांतून दिसले. पुढे जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे खरा ज्वालामुखीय खडक वितळवून त्यात पाणी सोडण्याचे प्रयोग झाले. अर्थात निसर्गात कोणी मापाने पाणी ओतत नाही. अथांग समुद्र शेजारी असला, तरी शिलारसाला प्रत्यक्ष किती पाणी भिडते ते नळीच्या रुंदीवर, खडकांतील भेगांवर आणि उद्रेकाच्या वेगावर ठरते.

ज्वालामुखीचे अभ्यासक ज्या प्रश्नाच्या मागे आहेत, त्याच प्रश्नाच्या मागे अणुभट्ट्यांचे अभियंतेही आहेत. भट्टीतील इंधन काही अपघाताने वितळले आणि थंड करणाऱ्या द्रवात पडले तर काय होईल, हे त्यांना आधीच जाणून घ्यावे लागते. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवरील कल्पाक्कम येथे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील द्रुत अणुभट्ट्यांत थंडाव्यासाठी पाण्याऐवजी द्रवरूप सोडियम वापरतात. म्हणून वितळलेले पदार्थ सोडियममध्ये पडले असता त्यांचे तुकडे कसे होतात, याचा अभ्यास तेथे केला जातो. वितळलेले इंधन खाली आलेच, तर ते पसरून घेण्यासाठी भट्टीच्या मुख्य पात्रात तळाशी एक मोठे तबकही बसवलेले असते. बॅरनचा ज्वालामुखी आणि कल्पाक्कमची भट्टी यांचा एरवी काही संबंध नाही. पण तप्त रस थंड द्रवाला भेटतो तेव्हा त्याचे तुकडे कसे पडतात, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे.

आता खोलीचा विचार करू. पाण्यात जसजसे खाली जावे तसतसा दाब वाढत जातो; दर दहा मीटरला साधारणपणे वातावरणाच्या दाबाइतकी भर पडते. वाफेला फुगायचे असेल, तर हा सारा दाब लोटावा लागतो. सुमारे २२०० मीटर खोलीवर दाब इतका होतो की, पाणी आणि वाफ हा भेदच तेथे उरत नाही. पाणी कितीही तापवले तरी एकदम सोळाशे पट फुगण्याचा प्रकार तेथे घडत नाही. म्हणून खोल समुद्राच्या तळावर बेसाल्टचे उद्रेक बहुतांशी शांतपणे होतात आणि मैलोन्मैल दगडी उशा पसरतात. बॅरनचा पायथा २२५० मीटरवर आहे, हे येथे आठवावे. अशा पर्वताच्या वाढीचे सामान्य चित्र असे सांगता येते: जन्म खोल पाण्यात, फारसा आवाज न होता, मग डोके पृष्ठभागाजवळ येऊ लागले की वरच्या काही शेकडो मीटरांत धडाके, आणि एकदा का मुख पाण्याबाहेर येऊन समुद्रापासून सुरक्षित झाले, की पुन्हा कारंजी आणि प्रवाह.

हा क्रम माणसांनी प्रत्यक्ष पाहिला तो आइसलँडच्या किनाऱ्याजवळ. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथील समुद्रातून काळे फवारे उसळताना मच्छीमारांना दिसले. समुद्रतळ तेथे १३० मीटर खोल होता. लवकरच एक बेट वर आले. त्याला सर्टसी हे नाव मिळाले. जोपर्यंत समुद्राचे पाणी मुखात शिरत होते तोपर्यंत काळ्या राखेचे कोंबड्याच्या शेपटीसारखे वळलेले फवारे आणि पांढऱ्या वाफेचे ढग सतत उठत राहिले. पुढे राखेची भिंत पुरेशी उंच व रुंद झाली, मुख समुद्रापासून तुटले आणि एप्रिल १९६४ मध्ये तेथून नेहमीसारखा लाव्हारस वाहू लागला. शिलारस तोच, मुखही त्याच परिसरातले. बदलले होते ते एवढेच की, पाण्याची वाट बंद झाली होती.

पाण्याची वाट बंद होण्याऐवजी अचानक उघडली तर काय होते, ते फिलिपीन्समधील ताल ज्वालामुखीने दाखवले. मनिलाच्या दक्षिणेस एक विस्तीर्ण सरोवर आहे आणि त्या सरोवरात ज्वालामुखीचे बेट आहे. १९११ साली येथे झालेल्या उद्रेकात तेराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. तरीही सुपीक माती आणि सरोवरातील मासे यांच्या ओढीने लोक पुन्हा त्या बेटावर राहू लागले होते. माणूस जेथे पोट भरते तेथे राहतो. त्याला नुसता अविचार म्हणून दोष देणे सोपे आहे. सप्टेंबर १९६५ च्या अखेरीस एका रात्री बेटाच्या नैर्ऋत्य भागात नवे मुख उघडले. प्रथम बेसाल्टच्या तप्त रसाचे शिंतोडे उडत होते. तेवढ्यावर थांबले असते, तर दुरून पाहण्याजोगे दृश्य ठरले असते. परंतु थोड्याच वेळात सरोवराचे पाणी मुखात शिरले आणि भयंकर स्फोटांची मालिका सुरू झाली. सुमारे दोनशे लोक दगावले.

या लोकांना लाव्हारसाने गाठले नाही. वर उठणाऱ्या ढगाच्या बुडातून वाफ, राख आणि चिखल यांची एक वर्तुळाकार लाट वादळी वेगाने जमिनीलगत आणि पाण्यावरून चहूकडे पसरली होती. पॅसिफिक महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपाजवळ १९४६ साली पाण्याखाली अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा पाण्याच्या स्तंभाच्या तळापासून अशीच लाट निघालेली छायाचित्रांत दिसली होती. ताल येथे पाहणी करणाऱ्या भूवैज्ञानिकांना या दोहोंतील साम्य जाणवले. मुखापासून जवळच्या टापूत झाडे मुळापासून उखडली गेली होती. थोड्या अंतरावर उभ्या राहिलेल्या झाडांची मुखाकडच्या बाजूची साल वाळूने घासल्यासारखी सोलून निघाली होती, आणि त्याहून लांबच्या झाडांवर चिखलाचा लेप बसला होता. भूवैज्ञानिकांनी या लाटेला तळलाट अशा अर्थाचे नाव दिले. पाण्याच्या सहभागाने होणाऱ्या उद्रेकात सर्वांत घातक गोष्ट असेल, तर ती ही. लाव्हारसाच्या प्रवाहापासून माणूस बहुधा चालत दूर जाऊ शकतो; तळलाटेपुढे धावणेही व्यर्थ ठरते. जानेवारी २०२० मध्ये ताल पुन्हा उसळला, तेव्हा हजारो लोकांना वेळीच हलवण्यात आले, त्यामागे हा जुना अनुभव होता.

मात्र प्रत्येक धडाक्याचे श्रेय पाण्याला देण्याची घाई करू नये. न्यूझीलंडमध्ये १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा पर्वत फुटला आणि सुमारे १७ किलोमीटर लांबीची भेग पडली. भेगेचा एक भाग रोटोमहाना सरोवराखालून आणि तेथील उकळत्या झऱ्यांच्या प्रदेशातून गेला. तेथे पाण्याच्या सहभागाने प्रचंड स्फोट झाले आणि गुलाबी व पांढऱ्या पायऱ्यांसारखी जगप्रसिद्ध रचना नष्ट झाली. पण पर्वताच्या माथ्यावरील कोरड्या भागातही त्याच शिलारसाचा उद्रेक अत्यंत जोरदार होता. तेथे रसातील स्वतःचे वायू इतक्या वेगाने सुटले होते की, बेसाल्टही सौम्य राहिला नाही. एकाच रात्री, एकाच भेगेवर दोन्ही कारणे काम करीत होती. तेव्हा कोणत्या उद्रेकात पाण्याचा वाटा किती, हे ठरवायचे कसे?

यासाठी राख पाहावी लागते. वायूंच्या फुगण्याने फुटलेल्या रसाचे कण बुडबुड्यांनी पोखरलेले, स्पंजासारखे असतात. पाण्याने तडकवलेले कण बहुधा भरीव, टोकदार, फुटक्या काचेच्या तुकड्यांसारखे दिसतात आणि त्यांत अगदी बारीक भुकटीचे प्रमाण जास्त असते. ओल्या ढगातून पडताना राखेचे कण एकमेकांना चिकटून वाटाण्याएवढ्या गोळ्याही होतात. यांतील एकच खूण पाहून निर्णय देता येत नाही. साऱ्या खुणा एकत्र जुळवाव्या लागतात.

विवराच्या आकारावरून तर मुळीच निष्कर्ष काढू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. बेसाल्टमधील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खळगा, कडेला उंचवटा, आत पाणी. वाफेच्या स्फोटाने जमिनीत पडणारी विवरे बरीचशी अशीच दिसतात, आणि लोणारलाही दीर्घकाळ ज्वालामुखीचे विवर मानले जात होते. पुढे तेथील खडकांत मस्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ आढळला. तो प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होतो; ज्वालामुखी एवढा दाब निर्माण करू शकत नाही. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी हा पुरावा मांडला आणि लोणार उल्केच्या आघाताने झाले, हे निश्चित झाले.

बॅरन बेटाकडे याच सावध दृष्टीने पाहावे लागते. तेथील मोठा खळगा इतिहासपूर्व काळी एका महास्फोटातून निर्माण झाला, आणि त्या वेळी जमिनीलगत पसरलेल्या लाटांनी टाकलेले राखेचे थर बेटावर आढळतात. समुद्राने वेढलेल्या, बेसाल्टच्या या बेटावर अशा थरांचे असणे अर्थपूर्ण आहे. तरी केवळ तेवढ्यावरून सारा दोष समुद्राच्या पाण्याला देता येणार नाही. आज त्याचे उद्रेक सौम्य असतात, कारण सध्याचे मुख मधल्या शंकूच्या माथ्यावर, समुद्रापासून बरेच उंच आहे. लाव्हारस समुद्राला भेटतो तो किनाऱ्यावर, उघड्या जागेत, वरून ओघळत. वाफेला तेथे मोकळे आकाश असते. हीच भेट नळीच्या आत किंवा समुद्रसपाटीलगत उघडलेल्या एखाद्या नव्या भेगेत झाली, तर परिस्थिती निराळी असेल. पश्चिमेचे खिंडार समुद्राला खुले असल्याने तो भाग अभ्यासकांना विशेष लक्षणीय वाटतो.

बेटावर वस्ती नाही, हे सुदैव आहे. परंतु त्या समुद्रातून जहाजे जातात आणि वरून विमाने. बारीक काचमय राख विमानाच्या इंजिनात शिरली तर ती तेथील उष्णतेने वितळून आतल्या पात्यांवर चिकटते आणि इंजिन बंद पडू शकते. म्हणून बॅरनमधून राख उठल्याचे उपग्रहावरून दिसताच ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्र वैमानिकांसाठी इशारा प्रसृत करते. पर्यटकांना बेटावर उतरू दिले जात नाही. परवानगी काढून गेलेली नौका दुरूनच फेरी मारून परतते. अंधार पडल्यावर तेथे पोहोचलेल्या खलाशांना, उद्रेक चालू असेल तर, शंकूच्या माथ्यावरची लाली आणि खाली पाण्याच्या कडेला, जेथे लाव्हारस समुद्राला टेकतो तेथे, वाफेची पांढरी रेघ दिसते.